धोंड्याचा चंद्र

जावई म्हणजे दहावा ग्रह. बाकीचे नऊ निदान पंचांगात सापडतात, हा कधी उगवेल आणि कधी वक्री होईल ते कुठल्याच जोशाला सांगता येत नाही. कोळवणच्या चंद्राबाईचा दहावा ग्रह दिवाळीपासून वक्री होता.

त्याचं झालं असं. लेकीच्या, लीलाच्या लग्नानंतरचा तो पहिला दिवाळसण. जावई भिवाजी जेवायला बसला आणि रीतीप्रमाणे रुसला. जावयानं रुसायचं, सासऱ्यानं काय हवं म्हणून विचारायचं, इतकं साधं. पण चंद्राबाईचा नवरा गेणबा दिवसभर भात कापून दमलेला. तो म्हणाला, रुसायचं असेल तर आपल्या घरी जाऊन रुसा. भिवाजी खरोखर उठला आणि बायकोला घेऊन चालता झाला. त्यानंतर लीला माहेरी आली नव्हती. आता तिला दिवस गेले होते आणि तिच्या सासूनं कळवलं होतं, पहिलं बाळंतपण इकडेच होईल. पहिलटकरीण लेक आणि आईच्या हातची खीर-पेज नाही, हे चंद्राबाईच्या काळजात रुतून बसलं होतं.

तिची सगळी भिस्त धोंड्यावर होती. त्या साली जेठ दोन होते, आणि पहिला अधिकाचा. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. त्यात लेक-जावयाला बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे वाढायचे, अनारशांचं वाण द्यायचं. या बोलावण्याला कसलाही वाकडा जावई नाही म्हणत नाही. संधी हुकली तर पुढचा धोंडा तीन वर्षांनी. तोवर बाळ चालायला लागलं असतं. म्हणून तिनं शेजारच्या भिकूबरोबर निरोप धाडला, जेठ लागला की धोंडा आहे, जोडीनं या.

आणि एके दुपारी जोडी दारात उभी राहिली. चंद्राबाई शेणानं भरलेल्या हातांनीच बघत राहिली. अजून वैशाख चालला होता. अनारशाचं पीठ डब्यात मुरत होतं, पुरणाची डाळ आणायची होती, जावयाचं धोतर अजून बाजारातच होतं. तिनं लेकीला पोटाशी धरलं आणि जावयाला वाढली भाकरी नि पिठलं.

भिवाजीनं ताटाकडे बघितलं, मग सासूकडे. बोलावून आणून पिठलं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलं होतं. चंद्राबाईनं भीत भीत विचारलं, तेव्हा उलगडा झाला. भिवाजी पौडच्या पुढं रस्त्याच्या कामावर होता. तिथं ना देऊळ ना जोशी. जेठ कधी लागतो म्हणून त्यानं कामावरच्या मारवाडी दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, लागला की पुनवेलाच. भिवाजी तसाच मुकादमाकडे गेला. हुसेन मुकादमाचे रोजे चालले होते, उन्हात काम निम्म्यावर आलं होतं. त्यानं रजा दिली, पण ईद झाली की दुसऱ्या सकाळी हजर व्हायचं या बोलीवर.

गेणबा गावातल्या जोशीबुवांकडे जाऊन आला. मारवाड्याचं चुकलं नव्हतं. त्यांच्या मुलखात महिना पुनवेला पालटतो, आपल्याकडे अवसेला. त्यांचा जेठ लागला होता, आपला अवस सरल्यावर लागणार होता. धोंडा त्यानंतरच. त्याआधी दिलेलं वाण म्हणजे नुसता खाऊन टाकलेला अनारसा.

"दुष्काळात तेरावा महिना म्हनत्यात," गेणबा पुटपुटला. "आमाला त्यो बी धड सापडंना."

भिवाजी म्हणाला, ईद आता आलीच म्हणतात, अवसेपर्यंत बसलो तर काम जाईल. आणलंय तसं बायकोला घेऊन उद्या-परवा निघतो. गेणबानं अडवलं नाही. तो राब भाजायला, भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पेटवून जमीन भाजायला, खाचरावर गेला. भिवाजीला दारात बसवेना, तोही मागून गेला. संध्याकाळी दोघं परतले ते राखेनं सारखेच काळे होऊन. बोलले मात्र काही नव्हते. दोघांच्या नाकाच्या शेंड्यावर राग होता, आणि चंद्राबाईला दोघांचाही सारखाच राग आला.

पहाटे ती गोठ्यात गेली. पूर्वेला डोंगरावर चंद्राची कोर होती, नखाएवढी, तीन-चार दिवसांत विझेल अशी. तिच्याकडे बघता बघता चंद्राबाईच्या हातातली पाटी तशीच राहिली. ज्याला त्याला आपापल्या सणाची काळजी, चंद्राकडे कुणी बघितलंच नव्हतं. ती तशीच ओसरीवर आली. भिवाजी मुंडासं बांधत होता.

"पाव्हणं, तुमचा मुकादम ईद कवा करतो?"

"चांद दिसला की, मामी. दुसऱ्या दिशी."

"आन् त्यो चांद कवा दिसतो? अवस झाल्याबिगर दिसंल का? आमचा धोंडा बी त्याच अवसेनंतर लागतोय. आभाळात चांद काय दोन असत्यात व्हय?"

भिवाजीनं मुंडाशाचा पीळ हातातच धरला. गेणबा चिलीम विसरून बायकोकडे बघत राहिला. मग भिवाजी खाली बसला आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. त्याला हसताना बघून लीला आत जाऊन रडली, हे चंद्राबाईनं बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

अवसेपर्यंत सासरा-जावयांनी सगळ्या खाचरांचे राब भाजून काढले. त्यात बोलणं निघालंच. आधी बैलांचं, मग पावसाचं, मग पलीकडच्या खोऱ्यातल्या धरणाचं, आणि त्यावर दोघं कडाकडा भांडलेसुद्धा. चंद्राबाई खूष झाली. भांडण परवडतं, अबोला परवडत नाही.

धोंड्याच्या पहिल्या दिवशी पाट मांडला. गेणबानं जावयाचे पाय धुतले, नवं धोतर पुढं ठेवलं. चंद्राबाईनं धोंडे वाढले, वर तुपाची धार. आणि भिवाजी हात न लावता बसून राहिला. चंद्राबाईनं तुपाची वाटी खाली ठेवली. आता हा काय बोलतो म्हणून तिनं नवऱ्याकडे बघितलं.

गेणबा जावयासमोर मांडी घालून बसला. "दिवाळीला मी वंगाळ बोललो," तो म्हणाला. "आता इच्यारतो. काय पायजे, पाव्हणं?"

भिवाजी ताटाकडे बघत बोलला. "लीलीला हितंच ठिवून घ्या. पयलं बाळंतपण मामींच्या हातचं होऊ द्या. आईची समजूत मी काडतो."

गेणबानं ताटाकडे हात केला, आणि भिवाजीनं पहिला घास घेतला.

दुसऱ्या संध्याकाळी पश्चिमेला कोर दिसली. अंगणात उभं राहून चौघांनी तिला हात जोडले. ईद झाली, आणि तिच्या दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत भिवाजी निघाला, एकटाच. लीला दारात उभी होती. चंद्राबाईनं त्याच्या हातात अनारशांची दोन गाठोडी दिली. एक मुकादमाला, ईदेचं म्हणून.

"आन् दुसरं?" भिवाजीनं विचारलं.

"त्या मारवाड्याला द्या," चंद्राबाई म्हणाली. "त्याचा जेठ येळेवर लागला, म्हनून माजी लेक घरी आली."