उंदरांचा डॉक्टर

सिद्धू बंडगर नेमका कशाचा डॉक्टर आहे, हे वाडीत कुणालाच कळलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यात वाडीची काही चूक नव्हती. साताऱ्याच्या बोर्डिंगात राहून तो शिकला, मुंबईला गेला, तिथं एका संशोधन संस्थेत उमेदीची वर्षं घालवली आणि एक दिवस त्याच्या नावापुढं डॉक्टर लागलं. त्याचा बाप धुळाप्पा मेंढरांमागं हिंडता हिंडता ज्याला त्याला सांगायचा, की माझा लेक सेलवर काम करतो. सेल म्हणजे अंगातली पेशी, हे धुळाप्पाला सांगणार कोण? जत भागात सेल म्हणजे बॅटरीत घालायचा सेल. मागल्या दिवाळीत सिद्धू घरी आला, तर दारात चारपाच जण बंद पडलेल्या बॅटऱ्या घेऊन बसलेले. त्यानं हात लावला नाही, तेव्हा शिकून माणूस माजतो असं पुटपुटत ते उठून गेले.

मग वैतागून सिद्धूनं ओट्यावर बसून सगळ्यांना नीट समजावलं. आपल्या अंगात रोगाशी झुंजणारे राखणदार असतात. कॅन्सरची गाठ वाढत असताना हे राखणदार गप्प का बसतात, ते तो शोधतो. पांढऱ्या उंदरांना आधी गाठ आणतो, मग क्षयाची लस, म्हणजे पोरांच्या दंडावर टोचतात ती बीसीजी, टोचून बघतो.

"आन् मग?" कुणीतरी विचारलं.

"मग काय, काही उंदरांची गाठ विरघळून गेली."

हे सांगताना त्याचा आवाज चढला होता, आणि चढणारच. रात्रंदिवस राबून एवढंच तर हाती लागलं होतं. किती उंदरांची विरघळली नाही, ते कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. आत उंबऱ्यापाशी त्याची आई, हरणाबाई, ज्वारी पाखडत बसली होती. तिचं सूप मध्येच थांबलं होतं, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

दिवाळीनंतर मेंढरं कृष्णाकाठाला चरायला गेली, त्यांच्यामागं हरणाबाई आणि धुळाप्पाही गेले. पावसाळ्याच्या तोंडाला सगळी परत आली. सत्त्याहत्तर सालच्या श्रावणात सिद्धू रजा काढून घरी आला, तेव्हा त्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायच्या आधीच बहिणीनं, सुलाबाईनं, त्याला परसात ओढलं.

"दादा, आयच्या थानात गाठ हाय. परवा न्हाताना मला दिसली. इचारलं तर म्हणती दिवाळीच्या आदीपासनं हाय."

"कुणाला दावली का न्हाई?"

"तुजीच वाट बघतीया. म्हणती, माजा लेक गाठीचाच डॉक्टर हाय."

सिद्धू तसाच आईकडं गेला. तांब्या तिथंच राहिला.

हरणाबाईनं त्याला मेंढरं कोंडायच्या वाडग्यात नेलं. मेंढरं चरायला गेली होती, वाडगं रिकामं होतं. तिनं काही आडपडदा न ठेवता चोळी सोडली आणि म्हणाली, "बघ."

आता ह्या डॉक्टरनं आयुष्यात एकाही माणसाला तपासलं नव्हतं. उंदराच्या पाठीवरची गाठ तो रोज चिमटीत धरून मोजायचा आणि आकडा लिहून ठेवायचा. आईच्या गाठीलाही त्यानं तसंच बोट लावलं. गाठ लिंबाएवढी होती, कठीण होती आणि जागची हलत नव्हती. हलत नाही हे वाईट, एवढंच त्याला वाचून माहीत होतं.

"आय, उद्याच मिरजंला जाऊ. तितं मोठं सर्जन हायती. काडून टाकत्यात."

"कापायचं?"

"व्हय."

"मग तुजी ती सुई?"

 बीसीजीची सुई काही दुर्मीळ नव्हती. आरोग्य केंद्रातल्या कंपाउंडरला मागितली असती तर त्यानं चहा पाजून हातात ठेवली असती. परदेशात काही डॉक्टर माणसांच्या गाठींवरही ती टोचून बघत होते. कुणी लिहीत होतं गुण आला, कुणी लिहीत होतं नाही आला, आणि कुणाचं खरं ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. क्षणभर सिद्धूच्या मनात आलं, द्यावी का? आणि लगेच त्याला स्वतःचीच भीती वाटली.

"ती उंदराला असती, आय."

"उंदराला गुण येतूया आन् मला येत न्हाई? मी काय उंदराहून वंगाळ हाय व्हय रं?"

म्हातारीला पटेल असं काहीतरी सांगावं म्हणून तो इकडंतिकडं बघत होता. वाडग्याच्या कुडावर कोकराचं एक वाळलेलं कातडं लटकत होतं, आणि त्याला एकदम सुचलं.

"मेंढीचं कोकरू मेलं आन् दुसरं पोरकं कोकरू असलं, तर तू काय करतीस?"

"काय करती? मेल्याल्याचं कातडं पोरक्याच्या अंगावर घालती. मेंढी वास घेती, आपलंच म्हणती आन् पाजती."

"बस, तसंच हाय हे. ह्या गाठीच्या अंगावर आपलंच कातडं असतंया. आपलं राखणदार येत्यात, वास घेत्यात आन् घरचीच हाय म्हणून सोडून देत्यात. त्या कातड्यावर कसला वास असतूया, त्येच मी शोधतूय."

बोलून झाल्यावर सिद्धू स्वतःवरच खूश झाला. परीक्षकांसमोर प्रबंध मांडतानासुद्धा त्याला एवढं सोपं सांगता आलं नव्हतं. हरणाबाईनं मान डोलावली. तिला सगळं कळलं होतं, आणि घोटाळा तिथंच झाला.

"म्हंजे ही गाठ माजीच म्हण की."

"तुजीच, पन..."

"आरं, थोड्या दिसांनी आमी ते कातडं काडून टाकतो. तवर मेंढीला सवय झाल्याली असती. मग ती त्या कोकराला लाथ मारत न्हाई, जलमभर आपलंच म्हणती." तिनं चोळीची गाठ मारली. "हीबी ऱ्हाईल तशीच गुमान. दुखत तर न्हाईच. कशाला कापायची?"

 आपण इतकं चांगलं समजावलं, आणि ते ऐकून आई मरायला निघाली, हे सिद्धूला सहन होईना. आता ते मागं कसं घ्यायचं? खोटं होतं म्हणावं तर खोटं नव्हतं. खरं म्हणावं तर ते पुढं कुठवर खरं आहे, हे त्याचं त्यालाच सांगता येत नव्हतं. तो वाडीच्या बाहेर माळावर जाऊन आला, परत आला, पुन्हा गेला. काही सुधरेना.

दिवस कलायला धुळाप्पा मेंढरं घेऊन आला. त्याला सुलाबाईकडून सगळं कळलं होतं. काठीवर हनुवटी टेकून तो लेकापुढं उभा राहिला.

"काय करायचं त्ये तू सांग. तुज्याफुडं आमाला काय कळतंया?"

झालं. म्हणजे घरात शहाणा एकच, आणि त्यालाच काही कळत नव्हतं. पुढं मेंढरं एकमेकांना ढकलत वाडग्यात शिरत होती. सिद्धूला रडू फुटेल असं वाटलं. तो तसाच आत गेला. हरणाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. तो तिच्याशेजारी बसला.

"आय, मी तुला खरं सांगतू. मी माणसांचा डॉक्टर न्हाई. मी उंदरांचा डॉक्टर हाय. तुज्या गाठीचं मला काय बी कळत न्हाई. माज्या उंदरांतली काई जगली, पन बरीच मेली. ती का मेली त्येबी मला ठावं न्हाई. मिरजंच्या सर्जनला माज्यापरीस जास्त कळतंया. तू चल."

हरणाबाईचा हात भाकरीवर थांबला. तिनं लेकाकडं नीट बघितलं.

"मग हे दिवाळीलाच का न्हाई बोललास?"

"काय?"

"उंदरांचा डॉक्टर हाय म्हणून." तिनं भाकरी उचलून तव्यावर टाकली. "आरं, धुळाप्पाचा लेक गाठी विरघळवतूया, असं पार जतंच्या बाजारापतूर झालंया. त्याचीच आय मिरजंला कापून घ्याया गेली, तर लोकांनी तुज्या तोंडात शेण घातलं असतं. बॅटरीवाल्यांनी आदीच नावं ठिवल्याली. पौषात आमची मेंढरं आष्ट्याला, कृष्णाकाठच्या रानात बसल्याली. तितनं मिरज काय लांब न्हवतं. दोनदा मनात आलं जावं म्हणून. मग म्हणलं, नगं. पोराचं नाव हाय. त्याची सुई तयार झाली की त्योच दिल, तवर दम धरावा."

 तव्यावरची भाकरी करपायला लागली, तेव्हा तिनंच ती उलटली. मग कोकराचं कातडं आणि जन्मभराची माया वगैरे सगळं तिनं लेकाला दिलासा म्हणून काढलं होतं, की खरंच तसं मानलं होतं, हे सिद्धूला कधीच कळलं नाही. विचारायचा धीर त्याला झाला नाही.

"जाऊ या मग उद्या," हरणाबाई म्हणाली. "आदी जेव. मुंबईत वाळून गेलायस."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती दोघं मिरजेला आली. दवाखान्यातले सर्जन वयस्कर होते, कमी बोलणारे. त्यांनी पडद्याआड हरणाबाईला तपासलं, काखेतही चाचपलं, आणि बाहेर येऊन हात धुता धुता विचारलं, "इतका उशीर का केलात?"

सिद्धूनं तोंड उघडलं. उशीर आपल्या बढाईमुळं झाला, एवढं तरी आपण आपल्या तोंडानं कबूल करायचं, असं त्यानं एसटीत ठरवलं होतं.

"मेंढरांमागं व्हतो," पडद्यामागून हरणाबाईच बोलली. "मीच कुनाला सांगितलं न्हाई. पोराला ठावंच न्हवतं."

सर्जननी सिद्धूकडं बघितलं. त्याची पँट, चष्मा, खिशाचं पेन त्यांच्या नजरेत भरलं असावं. "तुम्ही मुलगा का? काय करता आपण?"

रेणू, पेशी, प्रतिकारशक्ती, असं सगळं त्याच्या ओठावर आलं, आणि त्यातलं एकही सांगावंसं वाटेना. तोवर हरणाबाई पदर सारखा करत बाहेर आली होती.

"त्यो उंदरांचा डॉक्टर हाय," ती ताठ मानेनं म्हणाली. "माणसांचं अजून शिकतूया. तवर तुमी बघा."

सर्जन हसले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि नर्सला हाक मारली. आत वहाणा चालत नाहीत म्हटल्यावर हरणाबाईनं त्या काढून लेकाच्या हातात दिल्या आणि नर्समागं निघून गेली. सिद्धू बाकावर बसला. तवर म्हणजे कधीपर्यंत, हे तिनं विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. आष्ट्याच्या रानातला काळा चिखल वहाणांच्या टाचांना अजून वाळून बसलेला होता. तो नखानं खरवडत तो दाराकडं बघत राहिला.