पेलाभर समुद्र

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी फेऱ्या झाल्या की सुमतीबाई आणि टेरेन्स बाप्टिस्ट जरा टेकत. टेरेन्स माहीमचे, भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, सुमतीबाईंच्या यजमानांचे, मनमोहनांचे, जुने मित्र. मनमोहन गेले त्याला वर्ष होत आलं होतं. त्यांच्या अस्थी दादर चौपाटीवर सोडल्या, आणि तेव्हापासून सुमतीबाई त्या बाजूला फिरकल्या नव्हत्या.

"एक विचारू?" त्या दिवशी त्या म्हणाल्या. "हसू नका हं. समुद्रातून पेलाभर पाणी काढलं, तर त्यात ह्यांचं काही येईल का?"

टेरेन्स हसले नाहीत. "काढू या की हिशेब, वहिनी. अस्थी दोन किलो धरू." त्यांनी फोनवर काहीबाही गुणलं, भागलं आणि फोन पुढे केला. "इतके अणू."

पडद्यावर होतं 5e25.

"हे काय? बिघडला वाटतं तुमचा फोन."

"नाही हो. पाचावर पंचवीस शून्यं. पडद्यावर मावत नाहीत, म्हणून तो शून्यं मोजून सांगतो. कागदावर आपण पाच गुणिले दहाचा पंचविसावा घात लिहितो."

"आणि समुद्र?"

"जगातले सगळे समुद्र मिळून साधारण एक पूर्णांक तीन गुणिले दहाचा एकविसावा घात, इतके लिटर."

"लिटरचे पाच पेले," सुमतीबाई पुटपुटल्या. स्वयंपाकघरातलं माप त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. "म्हणजे साडेसहा. घात तोच, एकविसावा."

"बरोबर. आता अणूंना पेल्यांनी भागा. घाताआधीचे आकडे भागायचे, घात मात्र वजा करायचे."

पंचविसातून एकवीस गेले, चार राहिले. एवढी अक्राळविक्राळ संख्या वजाबाकीइतकी सोपी व्हावी याचं त्यांना नवल वाटलं. पाच भागिले साडेसहा त्यांनी फोनवर केलं, दशांशचिन्ह चार घरं उजवीकडे सरकवलं. उत्तर आलं सात हजार सातशेच्या आसपास. त्यांनी पुन्हा करून पाहिलं. तेवढंच.

"प्रत्येक पेल्यात?"

"कुठल्याही किनाऱ्यावरच्या," टेरेन्स म्हणाले. "पण हे सगळं विरघळून सारखं मिसळलं, असं धरून. खरं तर बरंचसं तळाशी बसलं असेल."

"म्हणजे इथेच, जवळपास."

टेरेन्सनी मान हलवली. सुमतीबाईंनी विचारलं, "आणि त्यातल्या एका अणूचं वजन?"

टेरेन्सनी फोन त्यांच्याच हातात ठेवला. त्यांनी दोन किलोला अणूंच्या संख्येनं भागलं. पडद्यावर आलं 4e-26. या वेळी e च्या पुढे सव्वीस होते, पण उणे.

"उणे म्हणजे दशांशचिन्हाच्या उजवीकडे," टेरेन्स म्हणाले. "आधी पंचवीस शून्यं, मग चार. किलोमध्ये."

"इतकं हलकं," त्या म्हणाल्या. मग उठल्या, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि घरच्या रस्त्याला न लागता चौपाटीकडे वळल्या. टेरेन्स मागून निघाले. ओहोटी होती. सुमतीबाईंनी चपला वाळूत काढल्या, घोटाभर पाण्यात गेल्या आणि ओंजळ भरून घेतली.

"पेल्याहून कमी आहे," टेरेन्स म्हणाले.

"निम्मं तरी असेल," त्या म्हणाल्या, आणि मनातल्या मनात भागाकार करू लागल्या.