नावेतली रिकामी जागा

चार वर्षांनी त्या शाळेचा पुन्हा अर्ज आला आणि पाहणीला नेमकं तिलाच पाठवलं गेलं. ती ज्या संस्थेत होती, ती शाळांची कलावंतांशी गाठ घालून द्यायची आणि वर्गात नाटक, चित्र, गाणं शिकवायला निधी पुरवायची. कुणाला द्यायचं, कुणाचं थांबवायचं, हे बहुतेक वेळा तिच्या शेऱ्यावर ठरे.

या शाळेचं तिनेच थांबवलं होतं. नाटक शिकवणाऱ्या माणसाला कागदांचं वावडं. सहामाही अहवाल महिनाभर उशिरा आला, तोही एका ओळीचा: 'मुलं बोलायला लागली आहेत.' तिने त्याखाली 'फलनिष्पत्ती स्पष्ट नाही' असं लिहिलं आणि फाईल बंद केली. प्रयोग पंधरा दिवसांवर आला होता, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. तिने विचारलंही नव्हतं.

नव्या मुख्याध्यापिकाबाईंनी तिला वर्ग दाखवले, चहा दिला. मधली सुट्टी झाली तशी ती एकटीच मागच्या अंगणात गेली. पाण्याच्या टाकीशेजारी तिसरीतली सात-आठ मुलं एकामागे एक उकिडवी बसली होती. पुढचा पोरगा हवेतच वल्हं मारत होता. तो मागे वळून एकेकाला विचारी, "पलीकडे का जायचंय?"

"माझी शेळी तिकडे गेलीय."

"माझ्या आजोबांचा चष्मा द्यायचाय."

"बरं, बस."

शेवटी तो एका मोकळ्या जागेकडे वळला. दोन पोरींच्या मध्ये एका माणसापुरती जागा सोडलेली होती. त्याने तिथेही तोच प्रश्न विचारला. सगळी मुलं त्या जागेकडे बघत थांबली. हसणं नाही, चुळबुळ नाही. टाकीचा नळ ठिबकत होता तेवढाच. मग नावाडी हळूच म्हणाला, "बरं, बस." आणि नाव निघाली.

खेळ कुणी शिकवला, असं तिने विचारलं. मोठ्या मुलांनी, असं कळलं. त्या मोठ्यांना त्यांच्याहून मोठ्यांनी, चार वर्षांपूर्वी बंद पडलेल्या नाटकातून. ही मुलं तर तेव्हा शाळेतही नव्हती. मग तिने विचारलं, "तिथे कोण बसतं?"

"पेन्सिल," एक पोरगी म्हणाली. पेन्सिल कोण, ते त्या पोरीलाही ठाऊक नव्हतं. "पण तिथे थांबायचं असतं."

त्या रात्री तिला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी तिने नाटकवाल्याचा पत्ता काढला. तो आता पडद्यांच्या दुकानासाठी खिडक्यांची मापं घेत होता. "पडद्याशी नातं काही सुटलं नाही बघा," तो हसून म्हणाला. आपण कोण, हे तिने सांगितलं, तेव्हा त्याने टेप गुंडाळून खिशात ठेवली. रागावला नाही. रागावला असता तर बरं, असं तिला वाटलं.

त्याने सांगितलं ते असं. नावेचं ते नाटक लिहिलेलं नव्हतंच, प्रत्येक मुलाने आपलं वाक्य आपण शोधायचं होतं. पेन्सिल म्हणजे पाचवीतली एक काटकुळी मुलगी. शाळेत कुणाशी बोलायची नाही, हजेरीला नुसता हात वर करायची. महिनाभर ती नावेत गप्प बसली. मग एका तालमीनंतर त्याच्याजवळ येऊन म्हणाली, "माझं वाक्य सापडलंय. प्रयोगाच्या दिवशी सांगीन."

"मग?" तिने विचारलं.

"मग तुमचं पत्र आलं."

पुढच्याच महिन्यात मुलीचं येणं बंद झालं. घरचे काम शोधत दुसऱ्या गावी गेले, एवढंच कुणीतरी म्हणालं. तिने शाळेच्या नोंदवहीतला पत्ता उतरवून घेतला आणि त्या गल्लीत जाऊन आली. खोलीत दुसरंच बिऱ्हाड होतं. शेजारच्या बाईंना मुलगी आठवत होती, आवाज मात्र आठवत नव्हता.

तिने शिफारस लिहिली, तीन वर्षांच्या निधीची, आणि ती मंजूर करून घेताना साहेबांशी पहिल्यांदाच वाद घातला. नाटकवाला परत आला. मुलांना बसवायचं होतं ते हेच नाटक. मोकळ्या जागी एखादी नवी मुलगी बसवू या, असं मुख्याध्यापिकाबाईंनी सुचवून पाहिलं. मुलांनी ऐकलं नाही.

प्रयोगाला सभागृह भरलं होतं. ती साहेबांच्या शेजारी बसली होती. नावाड्याने त्या जागेला प्रश्न विचारला आणि सगळं थांबलं. आईबाप खुर्च्यांत सावरून बसले, एक लहान मूल रडायचं थांबलं. ती कान देऊन बसली. काहीतरी ऐकू येईल असं तिला खरोखरच वाटत होतं, आणि त्याची भीतीही वाटत होती.

"पोरं वाक्य विसरली वाटतं," साहेब कानाशी पुटपुटले.

"विसरली नाहीत," ती म्हणाली. "ते वाक्य मी बंद केलं, चार वर्षांपूर्वी."

साहेबांना काहीच कळलं नाही. प्रयोगानंतर पायऱ्या उतरताना तिने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. अहवाल उशिरा आला होता, तेव्हा तिने नियमाप्रमाणेच केलं होतं, मनाला लावून घेऊ नये, असं ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली, "नियमाप्रमाणेच केलं होतं." आणि त्यांच्या गाडीत न बसता घरी चालत गेली.