पडलं तर पडू द्यायचं

पडणारी वस्तू धरायची यशपालची खोड जुनी होती. कपाटावरून डबा घसरला की याचा हात पुढे. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ओट्यावरून उकळत्या आमटीचं पातेलं कलंडलं, तेही त्यानं झेललं होतं. डाव्या मनगटावरचा तो डाग प्रतिक्षा सतरा वर्षं बघत होती. आणि आज त्याच हातांनी तो चार क्विंटलांचं मशीन हलवायला निघाला होता.

मशीन म्हणजे लाकूड तासायचा रंधा. सगळा बिडाचा, वर जड आणि खाली अरुंद. सात रस्ता चौकातल्या एका ऑफिसात कारकुनी करणारा यशपाल सुट्टीच्या दिवशी पुढच्या खोलीत पाट, स्टुलं, पाळणे बनवायचा. छंद माणसाला असावा, पण तो चार क्विंटलांचा असू नये, असं प्रतिक्षाचं मत होतं. यंदा लेक दहावीला गेली. तिला अभ्यासाला खोली हवी, म्हणून रंध्याची रवानगी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठरली. वाट अंगणातून, भिंतीच्या कडेनं.

हलवायला तिप्पण्णामामा आले होते. उभा जन्म यंत्रमाग हलवण्यात गेलेला माणूस. सोबत तीन लोखंडी पाईप आणि एक पहार. पहारीनं मशीन उचलायचं, खाली पाईप सारायचे, ढकलत न्यायचं आणि मागं सुटलेला पाईप उचलून पुढं ठेवायचा. ते पाईप ठेवायचं काम प्रतिक्षानं हट्टानं मागून घेतलं. लांबून बघत बसणं तिला झेपलं नसतं.

सुरुवातीलाच मामांनी दोघांना समोर उभं केलं. "हे बघा साहेब, मशीन पडलं तर पडू द्यायचं. धरायचं न्हाय. लोखंड परत मिळतंय, बोटं मिळत न्हाईत. म्हणा की."

यशपालनं हसत हसत म्हटलं. हसत म्हटलेल्या शब्दावर प्रतिक्षाचा काडीचा विश्वास नव्हता.

मग मामांनी वाटेवरून नजर फिरवत विचारलं, खाली कुठं पोकळ तर नाही ना? हौद गेटजवळ आहे, यशपालनं सांगितलं. ते बघा झाकण, आपण त्याच्या बराच बाजूनं चाललोय. सांगता सांगता त्यानं बाह्या वर सारल्या आणि प्रतिक्षाला पुन्हा तो डाग दिसला. प्रश्न तिच्या कानांवरून गेला, उत्तरही गेलं.

उंबऱ्यावर फळ्या टाकून रंधा खाली उतरवताना तो दोनदा डुलला. दोन्ही वेळा यशपालचा तळवा आपोआप वर गेला, आणि दोन्ही वेळा प्रतिक्षा "हात" म्हणून ओरडली. त्यानं हात मागे घेतला खरा, पण तिसऱ्या वेळी घेईल याचा काय भरवसा? पाईप उचलायची, पुढं ठेवायची आणि नजर मात्र त्याच्या बोटांवर.

भिंतीपाशी पाईपांचा आवाज बदलला. इतका वेळ नुसती खरखर होती, आता खालून घुमल्यासारखं आलं. तो आवाज प्रतिक्षाच्या ओळखीचा होता. चार-पाच दिवसांनी नळाला पाणी आलं की हौद भरायचा तिनं, आणि वर्षातून एकदा आत उतरून खराट्यानं घासायचाही तिनंच. यशपालनं तो कायम वरून पाहिलेला, झाकणाएवढा. आतून तो थेट भिंतीपर्यंत होता. वर शहाबादी फरशी, तिला दोन गंजक्या लोखंडी पट्ट्यांचा टेकू आणि खाली पाणी. हे घरात एकट्या तिला माहीत होतं, आणि ती सकाळपासून नवऱ्याच्या हातांवर डोळ्यांत तेल घालून पहारा देत होती. चुकलं होतं, साफ चुकलं होतं.

"थांबा, खाली हौद आहे," ती म्हणाली. तोवर फरशी तडकली.

मशीनचा एक कोपरा खचला आणि ते धूड सावकाश, अगदी सावकाश, तिच्या बाजूला कलायला लागलं. बाजूला व्हा, असं मामा ओरडले. प्रतिक्षाच्या हातातला पाईप गळून पडला. आणि जिनं सकाळपासून दुसऱ्याच्या हातांची धास्ती घेतली होती, तिनं आपलेच दोन्ही हात मशीनला लावले. सतरा वर्षांत ती खोड तिलाही लागली होती, फक्त तिला ठाऊक नव्हतं. तळव्यांना गार बीड लागलं आणि त्याचं वजन कळलं. हात काढून घ्यायचे, एवढं साधं कामही तिला सुचेना.

मग कुणीतरी तिला दंडाला धरून असं खेचलं की ती दूर जाऊन पाठीवर आपटली. रंधा उलटा होऊन हौदात गेला. पाणी भिंतीपर्यंत उडालं आणि परत आत ओघळलं.

यशपाल तिचा दंड अजून धरून शेजारी फरशीवर बसला होता. मशीनकडे त्यानं मानसुद्धा वळवली नव्हती. नळ कालच येऊन गेला होता, म्हणजे आता चार दिवसांचं पाणी तेलकट, आणि रंधा निघतो की तिथंच राहतो कुणास ठाऊक.

"पाण्याचं, मशीनचं मागनं बघू," तिप्पण्णामामा म्हणाले. "आदी बोटं मोजा."

यशपालनं तिचे हात मांडीवर घेतले. करंगळीपासून एकेक बोट चिमटीत धरून तो मोजायला लागला. दहा झाली.

"झाली की," प्रतिक्षा म्हणाली.

त्यानं ऐकलं नाही. पुन्हा करंगळीपासून सुरुवात केली.