गालिच्याच्या पुढचं

माझ्या नवऱ्याचं वाजवणं निम्म्या ब्रिटननं ऐकलंय आणि त्याचं नाव कुणालाही ठाऊक नाही. सत्तरच्या दशकात 'द ब्रास ऑल्डरमेन' नावाचा एक रॉक बँड होता. गिटार आणि ड्रम्स मागे, पुढे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन अशी फुंकायची वाद्यं. माणसं नऊ आणि व्हॅनमध्ये जागा सातांची. दोघे ट्रेननं जायचे. त्यातला एक नेहमी माझा नवरा रुबेन, कारण भायखळ्याहून आलेल्या मुलाला गर्दीची सवय असणार, अशी बाकीच्यांची समजूत.

बँडची एकच रेकॉर्ड निघाली. तीही नेमकी विजेच्या टंचाईत. लोक मेणबत्त्या शोधत होते, रेकॉर्ड कोण घेणार? वर्षभरात सगळे पांगले. ट्रॉम्बोनवाला विमा विकू लागला, गायक देवधर्माला लागला आणि रुबेन साउथहॅम्प्टनच्या बंदरात कारकुनीला चिकटला. मग गालिचे विकणाऱ्या एका दुकानानं त्यांच्या एका गाण्याची सुरुवात जाहिरातीला उचलली आणि ती वर्षानुवर्षं टीव्हीवर वाजली. गंमत अशी, की जाहिरात जिथे संपते तिथेच मूळ गाण्यात बाकी सगळे गप्प होतात आणि रुबेन एकटा वाजवतो. तो तुकडा त्याचा स्वतःचा. तो कुणीच ऐकला नाही. मीही नाही. आमचं लग्न नंतरचं, रेकॉर्ड घर बदलताना हरवली, आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून हा गृहस्थ ट्रम्पेट कोटांच्या कपाटात खुपसून सराव करायचा. पलीकडे मला ऐकू यायचं ते म्हशीला सर्दी झाल्यासारखं.

यंदा इथल्या एका पेपरात 'गालिच्याचं गाणं नेमकं कुणाचं?' असा मजकूर आला आणि लंडनमधल्या ईलिंगच्या मराठी मंडळींना आमची आठवण झाली. एरवी आमच्यासारखी मुंबईकडची ज्यू कुटुंबं मराठी बोलतात याचं त्यांना दर वेळी नव्यानं कौतुक वाटतं. मंडळाचे अध्यक्ष डॉ. पद्माकर घरी आले आणि सत्कार करायचाच म्हणाले. रुबेननं एकच अट घातली: शाल नको, नारळ नको, फक्त दहा मिनिटं वाजवू द्या. त्याचे वरचे पुढचे दात काढायचं ठरलं होतं. दात गेले की ट्रम्पेट संपली. आपल्या माणसांसमोर एकदा तो तुकडा पुरा वाजवायचा, एवढंच त्याच्या मनात होतं. डॉक्टर म्हणाले, अहो, दहा काय, वीस मिनिटं घ्या.

रविवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. पाच वाजता तिथे बॅडमिंटनवाले येणार होते. आधी दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग मंडळाच्या वाटचालीचा आढावा. डॉक्टर बोलायला उठले आणि आपण या देशात आलो तेव्हा कोथिंबीरसुद्धा मिळत नव्हती, इथपासून त्यांनी सुरुवात केली. कोथिंबीर मिळू लागेपर्यंत बराच वेळ गेला. मग शाल आली, नारळ आला, शाल देणाऱ्यांचा सत्कार झाला. रुबेन खुर्चीत ट्रम्पेट मांडीवर घेऊन बसला होता आणि ओठ गार पडू नयेत म्हणून हळूच चावत होता. मला इतका संताप आला होता, की तो नारळ कुणाच्या तरी डोक्यात घालावासा वाटला.

शेवटी निवेदन करणारी वरदा त्याच्याजवळ वाकली. चांगली पोर आहे, हॉस्पिटलमधली ड्यूटी बदलून आली होती.

"काका, सो सॉरी, टाइमचं जरा टाइट झालंय. पाच मिनिटांत बसेल का? बटाटेवडे पण गार होतायत."

रुबेन उठला. पाच मिनिटं म्हटल्यावर त्यानं जाहिरातीचा भाग सोडला आणि थेट आपल्या तुकड्याला हात घातला.

त्याची सुरुवात संथ आहे. एक लांब खालचा सूर, मग थांबणं, मग तोच सूर जरा वर. आपल्या लोकांना हे चांगलं ओळखीचं. गाण्याआधी तबला ठोकून लावतात, तानपुरा जुळवतात, तोवर श्रोत्यांनी गप्पा मारायच्या असतात. तशा त्यांनी मारल्या. वड्यांचे ट्रे फिरले. स्टॅनमोरहून आलेल्या बाईंनी मला सुनेची तक्रार सांगायला घेतली. मी त्यांचा हात धरून त्यांना गप्प केलं, कारण समोर माझा नवरा वाजवत होता आणि कपाटाबाहेर ते मी पहिल्यांदा ऐकत होते.

मला सुरांतलं काही कळत नाही. पण तो खालून वर गेला, वर जाऊन थोडा डळमळला, तिथेच थांबून राहिला आणि मग अगदी हलक्यानं खाली आला, तेव्हा माझे डोळे भरून आले. एवढं याच्याजवळ होतं आणि आयुष्यभर मी त्याला 'झालं का तुझं?' म्हणत आले.

त्यानं ट्रम्पेट खाली घेतली. हॉल एकदम शांत झाला. सगळे वडे बाजूला ठेवून सरसावून बसले.

"लागलं का वाद्य?" डॉ. पद्माकर प्रेमानं म्हणाले. "करा आता सुरू."

रुबेननं त्यांच्याकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. मी उठायला लागले. त्यानं मान हलवून मला खाली बसवलं.

"माफ करा," तो म्हणाला, "आज काही जुळत नाहीये."

लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आभार मानताना वरदा म्हणाली की काकांना या वयात वाजवता आलं नाही तरी ते आले, हेच आपलं भाग्य. बॅडमिंटनवाले जाळं बांधायला लागले होते.

गाडीत बसल्यावर त्यानं ट्रम्पेट मागच्या सीटवर ठेवली.

"ज्युली," त्यानं विचारलं, "मधे वर गेल्यावर जरा घाई झाली का गं?"

"नाही," मी म्हणाले. "तिथे तू थांबला होतास."