वादी कबीरचा बर्फ

भर मे महिन्यात, बाहेर मस्कतमधल्या वादी कबीरचा रस्ता तव्यासारखा तापलेला असताना, कुठून डांबरगोळ्यांचा वास आला की मला लिमयेकाका दिसायला लागतात. शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, त्यांच्या फ्लॅटचं दार उघडायचं आणि काका आधी हातात त्याच वासाचा मफलर द्यायचे, पाणी नंतर. "गुंडाळ. स्वित्झर्लंडला आलायस, चिपळूणला नाही." आत एसी सोळावर, पडदे ओढलेले, सोफ्यावर चार-पाच घरं कानटोप्या घालून बसलेली, आणि टीव्हीवर काकांच्या सहलीचा निळसर पांढरा बर्फ.

मी त्या घरात पहिल्यांदा गेलो तो एसी दुरुस्त करायला. सोळावर चालवून चालवून बिचाऱ्याचा कॉम्प्रेसर बसला होता. काम खलास झालं तरी काका सोडेनात. "बस रे, लुझर्नचा लाकडी पूल बघून जा." तो पूल काही केल्या संपला नाही, माझे पुढचे सगळे शुक्रवार त्यावरच गेले.

फोटो टीव्हीवर असायचे, पण बघण्यासारखे होते ते काकांचे हात. ऱ्हाइनचा धबधबा आला की दोन्ही तळवे खांद्यावरून खाली सोडायचे आणि घशातून असा घोंऽऽ काढायचे, की पुढे बसलेली पोरं तोंड पुसायची. डोंगरावरची आगगाडी तर त्यांच्या बोलण्यातच चढायची: आधी भरभर, मग धापा टाकत, मग बोगद्यात शिरल्यासारखे काका गप्प. आणि त्या काळोख्या गप्पपणातून एकदम "अऽऽणि..." तो "अऽऽणि" म्हणजे बोगद्याचं दुसरं तोंड. त्याच्या पलीकडे सगळं पांढरंच पांढरं. मी त्याची नक्कल त्यांच्यासमोरच करून दाखवायचो. "माकडा, नाकातून घे," म्हणायचे, "माझा आवाज नाकात राहतो."

शेवट ठरलेला. युंगफ्राऊला वर पोचल्यावर सगळं जग उन्हात उभं राहून फोटो काढत होतं, आणि आपले काका, मस्कतमध्ये आयुष्य काढलेला माणूस, बर्फावर पाय पडताच सवयीने सावली शोधत गेले! भिंतीच्या आडोशाला कुडकुडत उभे. "अगं, कुठे गेलीस?" काका विचारायचे, की लगेच स्वयंपाकघरातून पोळ्या लाटणाऱ्या काकू, तिथे मारलेली तीच हाक इथे मारायच्या, "अहो, उन्हात या, उन्हात!" मग हशा, मग चहा.

एका उन्हाळ्यात काकांचा आवाज बसला तो बसलाच. घशात गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन ठरलं. आवाज परत येईल असं डॉक्टर काही म्हणाले नव्हते. काकांनी नोकरी सोडली, सामान बांधलं, आणि खोक्यांच्या मधे शेवटचा शुक्रवार भरला. मफलर वाटले गेले. काका टीव्हीशेजारी उभे राहिले, तोंड उघडलं, आणि नुसती हवा आली. कुणाला कुठे बघावं कळेना. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि ते स्वतःच्या नाकावर टेकवलं.

लोकांनी हसावं म्हणून मी नकला करतो. त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली, की कुणी हसेल. हात त्यांचे, आवाज मी काढलेला. धबधबा पडला. गाडी चढली. बोगद्यात आम्ही दोघंही गप्प झालो. "अऽऽणि..." आणि भिंतीच्या आडोशाला पोचून मी म्हणालो, "अगं, कुठे गेलीस?"

"अहो, उन्हात या, उन्हात!"

स्वयंपाकघरातलं लाटणं थांबलं. काकू दारात आल्या, हाताला पीठ तसंच. आधी काकांच्या मिटलेल्या ओठांकडे बघितलं, मग माझ्याकडे. काका हसत होते, नुसत्या खांद्यांनी. ते खिडकीशी गेले, पडदा सरकवला आणि मस्कतच्या त्या पांढऱ्याफेक उन्हात, गळ्यात मफलर गुंडाळलेले, जाऊन उभे राहिले. काकू मागून गेल्या. काकांच्या शर्टावर पिठाचा पंजा उमटला.

काकांचा आवाज परत आला नाही. कधीतरी शुक्रवारी मी पुण्याला धबधबा रेकॉर्ड करून पाठवतो. तिकडून काकांचा कानटोपी घातलेला फोटो येतो. त्या फ्लॅटमध्ये आता दुसरं कुटुंब राहतं, एसी चोवीसवर असतो. सर्व्हिसिंगला जातो तेव्हा गाडीतून उतरून मीही आधी सावली गाठतो, आणि तिथे उभा राहून हळूच एक "अऽऽणि" नाकातून काढून बघतो. माणसं जातात, वर्षं बर्फासारखी हातातल्या हातात विरघळतात. हाक मारणारं आता तिथे कुणी नसतं, तरी पाय आपसूक उन्हात येतात.