घरी जाण्याआधीची सुई

“नाना, आटपा लौकर. घरची वाट बघत असत्याली.”

एस.टी.तून उतरलेला आकाराम घरी न जाता थेट दवाखान्याच्या मागच्या दाराशी आला होता. पत्र्याची ट्रंक अजून खांद्यावरच होती. कंपाउंडर नानासोंनी त्याच्या हातातली पेनिसिलिनची बाटली घेतली. ती तो दरवेळी मुंबईहूनच आणायचा. सुई उकळायला ठेवून नानासो स्टुलावर टेकले.

हे चौथं वर्ष. पौषात यमाईच्या यात्रेला आकाराम गावी यायचा, आणि बायकोचं तोंड बघण्याआधी ही सुई टोचून घ्यायचा. बंदरात पोती वाहणारा दांडगा गडी, पण या दारात उभा राहिला की त्याची नजर जमिनीवरून हलत नसे.

नानासोंची बावीस वर्षं लष्करी दवाखान्यात गेली होती. सुटीत बाजारात ‘जाऊन’ आलेल्या शिपायांना रांगेत उभं करून आधी गोळ्या आणि पुढं पुढं पेनिसिलिन द्यायचं, वहीवर सही घ्यायची, सोडायचं. नावं ठेवायची नाहीत, असा शिरस्ताच होता. पेन्शन घेऊन माण तालुक्यातल्या या कोरड्या गावात आल्यावरही ते काम सुटलं नाही. निम्मे गडी मुंबईला, त्यामुळे यात्रा जवळ आली की मागचं दार वाजू लागे. नानासोंना त्याची किळस नव्हती, कंटाळा मात्र आला होता. निदान घरची बाई तरी वाचते, अशी ते मनाची समजूत घालत.

“काय तरास हाय का?” त्यांनी सवयीनं विचारलं.

“न्हाई वो. दोन वर्सामागं एक फोड आल्ता, खालच्या अंगाला. दुखला बी न्हाई. आपसूक गेला.”

नानासोंचा हात थांबला. न दुखणारा आणि आपसूक जाणारा फोड म्हणजे काय, ते त्यांना शिकवावं लागत नव्हतं. पण बाहेर आणखी दोघं थांबले होते, आणि सकाळपासून उभं राहून पोटऱ्या भरून आल्या होत्या. पुन्हा कधीतरी बोलू, असं मनाशी म्हणून त्यांनी सुई टोचली. आकाराम ट्रंक उचलून घरी गेला.

श्रावण सरता सरता त्याची बायको साळूबाई बैलगाडीतून दवाखान्यात आली. आठवा महिना होता. पोर मेलेलंच जन्मलं. तीन वर्षांतलं तिसरं.

सासू रंगूबाई व्हरांड्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, “हिच्या कुशीलाच कीड हाय. किती वर्सं वाट बघायची? औंदा आकारामला दुसरी बघतीया. हिला धाडती म्हायेरी.”

आत खाटेवर साळूबाईला ते शब्द न् शब्द ऐकू येत होते. ती छताकडं बघत पडली होती.

दवाखान्यात नव्यानं आलेल्या सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी तिचं रक्त साताऱ्याला तपासायला पाठवलं. पंधरा दिवसांनी कागद आला. गरमीचा रोग, म्हणजे उपदंश. त्यांनी तो कागद नानासोंपुढं ठेवला. “नवरा मुंबईला असतो ना? त्याला कधी काही झालं होतं?”

नानासोंनी काही लपवलं नाही. सुया सांगितल्या, फोडही सांगितला.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसत म्हणाल्या, “नाना, संबंध आल्यावर लगेच सुई दिली, तर ती एखादवेळी रोग अडवते. वर्षभर तिकडं हिंडून घरी येताना घेतलेली एक सुई काय अडवणार? आणि जी बाई दोनदा अशी बाळंत झाली, तिला एकदा तरी तपासायला नको होतं?”

नानासोंनी त्याच दिवशी आकारामला तार केली. तो आला, आणि पुन्हा मागच्याच दारानं आला.

“आईला कळू देऊ नका, नाना. भावकीत तोंड दावायला जागा ऱ्हायाची न्हाई.”

“मग तिला म्हायेरी धाडू दे व्हय?”

आकाराम पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

“चार वर्सं मी तुजी लाज राखली, गड्या. तिची कुनी राखली? तू सांग, न्हाईतर मी सांगतो.”

त्यानं सांगितलं नाही. नवरा, बायको, सासू आणि नानासो दवाखान्याच्या आतल्या खोलीत बसली, तेव्हा तो भिंतीवरच्या देवीच्या लशीच्या तक्त्याकडं बघत राहिला. शेवटी नानासोच बोलले.

“आवं रंगूबाई, पोरीच्या कुशीला कीड न्हाई. रोग तुमच्या ल्योकानं मुंबईस्नं आणला, त्यानंच पोरं पोटात मेली. औशिद घेतलं तर दोघं बरी व्हत्याल.”

रंगूबाईनं लेकाकडं पाहिलं. तो मान वर करेना. तिनं पदर तोंडात कोंबला, आणि उठून बाहेर गेली.

साळूबाईनं नवऱ्याकडं पाहिलंच नाही. तिनं नानासोंना विचारलं, “तुमाला ठावं हुतं?”

“व्हय.”

“कवापासनं?”

“सुया चार वर्सं देतुया. फोडाचं गेल्या पौषात कळलं.”

ती मनाशी महिने मोजत असावी. मग म्हणाली, “नाक, डोळं, नखं, समदं हुतं त्याला. तुमीच फडक्यात गुंडाळून दिलंसा न्हवं?”

नानासोंनी मान हलवली.

“सुई मी घेती,” ती म्हणाली. “पर बाईच्या हातनं. तुमी न्हाई.”

तीन आठवड्यांच्या तीन सुया होत्या. आकारामला नानासोंनी टोचल्या. साळूबाई दर सोमवारी दोन कोस चालत एकटीच येई. ती पायरीवर दिसली, की नानासो सुई उकळून घेत, ट्रेमध्ये स्पिरिटचा बोळा, बाटली, सिरिंज नीट मांडत, आणि पडद्याआडून ट्रे डॉक्टरीणबाईंच्या हाती देत. मग बाहेर जाऊन, ती निघून जाईपर्यंत, दवाखान्याच्या मागच्या भिंतीकडं तोंड करून उभे राहत.